हुआ हिनची हिरवळ आणि लातूरचे पाणी

थायलंडच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर, बँकॉकच्या नैऋत्येस सुमारे २०० किलोमीटर अंतरावर हुआ हिन हे गाव वसले आहे. थाई भाषेत या नावाचा अर्थ ‘दगडाचे डोके’ असा होतो. वाळूतून वर आलेले किनाऱ्यावरचे खडक पाहिले की नावाचे कारण कळते. पट्टायाचा गोंगाट ज्यांना नको असतो, ती कुटुंबे येथे येतात. अलीकडे भारतीयांचे विवाहसोहळेही येथे होऊ लागले आहेत आणि त्या निमित्ताने मराठवाड्यातील व्यापारी घरांचीही या किनाऱ्याशी ओळख होत आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतून हैदराबादला मोटारीने काही तासांत पोहोचता येते आणि तेथून बँकॉकचे विमान मिळते. त्यामुळे हा प्रवास आता पूर्वीसारखा दूरचा राहिलेला नाही.

लग्नघरी सकाळचा वेळ मोकळा असतो. पुण्या-मुंबईत शिकलेली, येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या मैदानावर गोल्फची गोडी लागलेली तरुण मुले अशा वेळी खेळायला निघतात आणि वडिलांना, काकांना बरोबर नेतात. ज्यांचे आयुष्य मोंढ्यात, आडतीच्या गादीवर आणि तूर-सोयाबीनच्या भावात गेले, अशी माणसे पहाटेच्या दवात भिजलेल्या त्या अफाट हिरवळीसमोर उभी राहतात. हिरवळ डोळ्यांना सुखावते. पण लातूरच्या माणसाच्या मनात थोड्याच वेळात एक प्रश्न उभा राहतो : याला पाणी किती लागत असेल?

हा प्रश्न घेऊनच हुआ हिनची गोल्फची मैदाने पाहावीत. खेळाचा आनंद त्याने कमी होत नाही.

रेल्वेने मोठी केलेली दोन गावे

लातूर आणि हुआ हिन यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. एक समुद्रकाठचे, दुसरे काळ्या मातीच्या पठारावरचे. तरीही दोघांच्या इतिहासात एक वर्ष सामाईक आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी बँकॉककडून दक्षिणेला निघालेली रेल्वे हुआ हिनला आली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कापूस आणि तेलबिया कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजारात जाऊ लागल्या, पेठ वाढली आणि १९१७ मध्ये सोळा रस्त्यांना एकत्र आणणारी गंजगोलाई उभी राहिली. लातूरच्या व्यापारी घरांची भरभराट या रुळांवरून आली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

हुआ हिन हे तोपर्यंत कोळ्यांचे गाव होते. रेल्वे आल्यावर राजघराण्यातील मंडळींनी तेथे उन्हाळी निवासस्थाने बांधली. रेल्वेचा कारभार पाहणारे राजपुत्र पुरछत्र यांनी प्रवाशांसाठी १९२३ मध्ये किनाऱ्यावर रेल्वे हॉटेल उघडले, तर पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, स्थानकाच्या पाठीमागे टेकडीच्या उतारावर गोल्फचे मैदान तयार झाले. आजचे ‘रॉयल हुआ हिन’ मैदान ते हेच. त्याची आखणी ए. ओ. रॉबिन्स या स्कॉटिश रेल्वे अभियंत्याने केली. रूळ टाकणाऱ्या माणसानेच हिरवळही आखली आणि थायलंडमधील सर्वांत जुने पूर्ण लांबीचे मैदान म्हणून ते आजही ओळखले जाते.

सातवा राम, म्हणजे राजा प्रजाधिपोक, यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस येथे समुद्राकाठी एक महाल बांधला आणि त्याला ‘क्लाय कांगवोन’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘चिंतेपासून दूर’. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये सत्तांतर होऊन अनियंत्रित राजेशाहीचा अंत झाला, तेव्हा राजा याच हुआ हिनमध्ये होता आणि गोल्फ खेळत असताना त्याला ती वार्ता समजली, असे सांगितले जाते. चिंतेपासून दूर बांधलेल्या घरीही चिंता अखेर पोहोचलीच.

कोणती मैदाने पाहावीत

नवख्या माणसाने आरंभ रॉयल हुआ हिनपासून करावा. लाकडी बांधणीचे, लाल-पिवळसर रंगाचे जुने रेल्वे स्थानक जपून ठेवलेले आहे. डिसेंबर २०२३ पासून गाड्या शेजारच्या उंचावरील नव्या स्थानकावर थांबतात. तेथून मैदान पायी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जुन्या पद्धतीची अरुंद वाट, मोठी झाडे, चढउतार, शेजारच्या बौद्ध मंदिराची शांतता आणि उंचावरून मधेच दिसणारा समुद्र, असा हा खेळ असतो. झाडांवरची माकडे चेंडूकडे आणि खाऊच्या पिशवीकडे सारख्याच उत्सुकतेने पाहतात.

गोल्फ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मैदानात १८ भोके असतात. प्रत्येक भोकासाठी ‘टी’ या जागेवरून चेंडू मारायला आरंभ करायचा, कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून तो पुढे न्यायचा आणि शेवटी अगदी बारीक कापलेल्या ‘ग्रीन’वर आणून भोकात घालायचा. वाटेत वाळूचे खड्डे आणि तळी असतात. चांगल्या खेळाडूला एका भोकासाठी किती फटके लागावेत, याचा आकडा ठरलेला असतो. बहुतेक मोठ्या मैदानांवर तो सर्व मिळून ७२ असतो. कमी फटक्यांत जो फेरी पुरी करतो तो जिंकतो. एका फेरीला चार-साडेचार तास लागतात आणि सहा-सात किलोमीटर चालणे होते.

थायलंडमध्ये प्रत्येक खेळाडूबरोबर कॅडी असते आणि बहुतेक ठिकाणी ती घेणे बंधनकारकच असते. या कॅडी प्रामुख्याने आसपासच्या गावांतील स्त्रिया असतात. पिशवी सांभाळणे, अंतर सांगणे, ग्रीनवरचा उतार वाचून दाखवणे आणि वाळूवरचे पाऊलखुणांचे ठसे पुसणे ही सारी कामे त्या करतात. त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग खेळाडूने फेरीअखेर दिलेल्या बक्षिसीतून येतो. ज्याच्या घरी दिवाणजी आणि हमाल पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबासारखे वागवले गेले, त्याला तेथे हात आखडता घेणे शोभत नाही.

इतर मैदाने गावापासून थोडी दूर आहेत. चा-आमच्या बाजूला ‘स्प्रिंगफिल्ड रॉयल’ आहे. त्याची आखणी जॅक निकलस या विख्यात अमेरिकन खेळाडूने केली. ‘पाम हिल्स’ आणि ‘लेक व्ह्यू’ ही चा-आम व हुआ हिन यांच्यामधली मोकळीढाकळी मैदाने कुटुंबासह जाणाऱ्यांना सोयीची आहेत. गावाच्या पश्चिमेला डोंगरांच्या कुशीत २००७ मध्ये ‘ब्लॅक माउंटन’ सुरू झाले. ऑस्ट्रेलियन आखणीकार फिल रायन यांनी ते रचले असून २०१५ आणि २०१६ मध्ये तेथे युरोपियन टूरची स्पर्धाही झाली. कसलेल्या खेळाडूलाही ते अवघड वाटते. नवशिक्याने तेथे खेळण्यापेक्षा फिरून पाहावे. २००८ मध्ये सुरू झालेले ‘बन्यान’ हे मैदान आता ‘पाइनॅपल व्हॅली’ या नावाने ओळखले जाते. जेथे अननसाची शेती होती त्या जमिनीवर ते उभे आहे, हे त्या नावातच नोंदले गेले आहे.

व्यापाऱ्याच्या नजरेने ही वर्षे एकापुढे एक मांडली की एक वेगळीच गोष्ट दिसते. पहिले मैदान १९२४ चे. मग १९९० च्या दशकाच्या आरंभी चार-पाच मैदाने एकदम निघाली. त्यानंतर दीर्घ खंड पडला आणि पुढची नामांकित मैदाने थेट २००७-०८ मध्ये आली. मधल्या काळात काय झाले? थायलंडमध्ये स्वस्त कर्जाचा आणि जमिनीच्या भाववाढीचा पूर आला होता. मैदान काढायचे आणि भोवतीचे बंगल्यांचे भूखंड विकायचे, असा धंदा सर्वत्र सुरू झाला. २ जुलै १९९७ रोजी बाट या चलनाचा आधार सुटला, परकीय कर्जे एका रात्रीत जड झाली आणि देशभर अनेक अर्धवट प्रकल्प पडून राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राजा भूमिबोल यांनी आपल्या भाषणात ‘पुरेसेपणाच्या अर्थव्यवस्थे’चा विचार देशासमोर ठेवला. गरज ओळखावी, ऐपत ओळखावी आणि अचानक येणाऱ्या धक्क्यासाठी काही राखून ठेवावे, हा त्याचा आशय. परिग्रह-परिमाण लहानपणापासून ऐकलेल्या श्रावकाला तो परका वाटणार नाही.

दोष स्वतःच सांगायचा

गोल्फचा एक विशेष जैन वाचकाच्या मनाला भिडेल असा आहे. क्रिकेटप्रमाणे येथे प्रत्येक चेंडूवर पंच उभा नसतो. झाडीत चेंडू पडला, हालला, हरवला, तर ते खेळाडूने स्वतः सांगायचे आणि दंडाचा फटका आपल्याच खात्यात लिहायचा. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स या खेळाडूचा चेंडू, फटक्याची तयारी करताना, किंचित हालला. इतर कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. त्याने स्वतः दंड मागून घेतला. शेवटी त्याची आणि विली मॅकफार्लेनची बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत जोन्स एका फटक्याने हरला. तो एक फटका त्याने लपवला असता तर विजेतेपद त्याचे होते.

प्रतिक्रमणात आपण दिवसभरातील दोष कोणी विचारण्याआधी स्वतःच उच्चारतो. मुलांना या खेळातून हे वळण लागत असेल, तर त्या चार तासांना वाया गेलेले म्हणता येणार नाही. खेळ हा निव्वळ श्रीमंतीचा देखावा म्हणून खेळायचा की स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा सराव म्हणून, हे खेळणाऱ्यावर अवलंबून आहे.

नवकारसी, चौविहार आणि ‘जे’

उष्ण प्रदेशातला खेळ असल्यामुळे फेरी पहाटेच सुरू करणे उत्तम. नवकारसी पाळणाऱ्याने सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंतची पहिली दोन-तीन भोके पाण्याशिवाय खेळावी लागतील, हे लक्षात ठेवावे. उकळून गार केलेले पाणी मुक्कामावरूनच बरोबर घ्यावे. सहा-साडेसहाला निघालेला गट अकराच्या सुमारास मोकळा होतो आणि चौविहार करणाऱ्यांना संध्याकाळच्या जेवणासाठी पुरेसा वेळ राहतो. दुपारची फेरी मात्र सूर्यास्ताच्या काठावर जाते. ती टाळलेली बरी.

जेवणाच्या बाबतीत थाई स्वयंपाकघराची एक अडचण आहे. भाजीच्या साध्या पदार्थातही मासळीचा द्रव ‘नाम प्ला’, कोळंबीचा लगदा किंवा कालवांचा रस घातलेला असतो. ‘शाकाहारी’ एवढे सांगणे पुरत नाही. तेथे एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी आणि दूध नसतेच, पण कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षर दिसले की ती ‘जे’ची खूण समजावी. वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस हजारो थाई लोक हे व्रत पाळतात. मात्र बटाटा, गाजर, मुळा आणि अळिंबी ‘जे’मध्ये चालतात, म्हणून कंदमुळे न घेणाऱ्याने ते वेगळे सांगायलाच हवे. लग्नसमारंभात आपले महाराज बरोबर असतात. परंतु दोन दिवस अधिक राहणाऱ्या कुटुंबाला हा एक शब्द पुष्कळ आधार देतो.

काळाचाही विचार करावा. आपला चातुर्मास आणि थाई भिक्षूंचा वर्षावास जवळजवळ एकाच ऋतूत येतात. त्या काळात त्यांचे भिक्षू आणि आपले साधू-साध्वी एका जागी स्थिर राहतात. प्रवास तेव्हा टाळणाऱ्या कुटुंबांना डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे आणि हवामानाच्या दृष्टीनेही तोच सर्वांत सुखद असतो.

पाण्याचा हिशेब

आता पहाटेच्या त्या प्रश्नाकडे वळू. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, तर हुआ हिनचा किनारा म्यानमारच्या सीमेवरील तनाओश्री डोंगररांगांच्या पर्जन्यछायेत आहे. थायलंडच्या तुलनेत हा कोरडाच पट्टा आहे. अननसाचे पीक या भागात रुजले, कारण ते थोड्या पाण्यावर तग धरते. त्याच जमिनीवर वर्षभर हिरवे राहणारे गवत वाढवायचे म्हणजे पाणी दुसरीकडून आणणे किंवा साठवणे आले.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. मैदानातील नियमित ओलिताचे गवत ३० हेक्टर धरले आणि कडक उन्हाळ्यात त्याला रोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर एका दिवसाला १५ लाख लिटर होतात.

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या स्थानकावर ‘जलदूत’ ही पाण्याची पहिली गाडी आली. मिरजेहून सुमारे ३४२ किलोमीटर अंतर तोडून आलेल्या तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. पुढे पन्नास टाक्यांची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली आणि शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ज्या मार्गाने एके काळी लातूरचा कापूस बाहेर गेला, त्याच मार्गाने लातूरला पिण्याचे पाणी आले. त्या पहिल्या गाडीसारख्या तीन गाड्यांचे पाणी गोल्फचे एक मैदान भर उन्हाळ्यात एका दिवसात पिते.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. आणि त्याच दिवशी थायलंडमध्ये सोंगक्रान हा पाण्याचा सण सुरू झाला, पण त्या देशातही तेव्हा तीव्र दुष्काळ असल्याने बँकॉकमध्ये उत्सवाचा एक दिवस कमी करण्यात आला होता. एका क्रिकेटच्या मैदानाचे पाणी न्यायालयात चर्चेला आले. गोल्फचे मैदान तर त्याच्या कित्येक पट मोठे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मैदानातली तळी केवळ शोभेची नसतात. पावसाचे पाणी त्यांत साठवून तेच फवारले जाते. खारट किंवा शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या गवताच्या जाती आता उपलब्ध आहेत. मैदानांमुळे शेकडो स्त्रियांना घराजवळ काम मिळते. म्हणून प्रश्न ‘गोल्फ असावा की नसावा’ असा नसून ‘कोणत्या पाण्यावर असावा’ असा आहे.

आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड-विरमण सांगितले आणि त्यातील ‘प्रमादचर्या’ या दोषात निष्कारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे आणि वनस्पती तोडणे यांचा समावेश केला. गृहस्थाच्या हातून हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ‘निष्कारण’ या शब्दावर भर दिला. भोगोपभोग-परिमाण हे व्रतही तेच सांगते : उपभोग घ्या, पण त्याची मर्यादा आधी ठरवा. तीन दिवसांत तीन मैदाने धुंडाळण्याऐवजी एक फेरी मनापासून खेळावी. ज्या मैदानावर पाणी कोठून येते हे व्यवस्थापक सरळ सांगतो, ते मैदान निवडावे. चार तासांच्या फेरीत किटल्या-थर्मासातले उरलेले पाणी गवतावर ओतून न देता झाडाच्या मुळाशी घालावे. या गोष्टी लहान आहेत, पण व्रत पाळले जाते ते अशाच गोष्टींतून.

हा हिशेब केवळ प्रवाशापुरता नाही. लातूर आणि नांदेडच्या भोवती नवे भूखंड पाडले जात आहेत. पोहण्याचा तलाव, क्लब आणि हिरवळ हे त्या जाहिरातींचे आकर्षण असते. उद्या एखादा भागीदार छोट्या गोल्फ मैदानाचा आराखडा घेऊन गादीसमोर बसला, तर त्यात नवल वाटायला नको. अशा वेळी जमिनीचा भाव आणि विक्रीचा अंदाज पाहण्याआधी वहीचे पहिले पान पाण्याचे उघडावे : कोठून येणार, कोणाच्या वाटणीचे येणार आणि मांजरा किंवा विष्णुपुरी आटल्यावर काय करणार. शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरण्याची सोय असेल तर पुढचे पान उलटावे. विहिरी आणि बोअरवर मदार असेल तर वही तेथेच मिटावी. १९९७ मध्ये थायलंडच्या व्यापाऱ्यांनी कर्जाची बाजू मोजली नव्हती. पाण्याची बाजू न मोजण्याची चूक लातूरच्या माणसाने करू नये. त्याने पाण्याची गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.